डाळिंबाचा एक दाणा

सोलापूरकरांस डाळिंबाचे अप्रूप ते काय! जिल्ह्यातील या फळास 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु घरी डाळिंब सोलताना एखादा दाणा घरंगळून पाटाखाली गेला, की तो शोधून काढल्यावाचून आम्हांस चैन पडत नाही. घरची मंडळी यास आमचा विक्षिप्तपणा समजतात. वस्तुतः हा संस्कार ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या जुन्या पुस्तकाचा आहे.

कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी एकोणिसाव्या शतकात हे भाषांतर इंग्रजीवरून आरंभिले. पुढे त्यास विष्णुशास्त्र्यांचाही हात लागला. आमच्या लहानपणी रात्री निजानीज होण्यापूर्वी आत्याबाई त्यातील एकेक गोष्ट आम्हां मुलांस वाचून दाखवीत. त्यांत आमच्या विशेष आवडीची म्हणजे दुसऱ्या फकिराची.

एक राजपुत्र मद्याच्या धुंदीत जिनाच्या तळघरातील मंतरलेल्या वस्तूस लाथ मारतो आणि जिनाच्या कोपाने वानर होतो. सुंदर हस्ताक्षरामुळे हे वानर एका राजाच्या दरबारी पोहोचते. त्यास पाहताच राजकन्या तोंडावर पदर घेते. कारण हा मनुष्य आहे, हे ती ओळखते. लहानपणी एका वृद्धेपासून ती जादूविद्या शिकली होती, पण बापास त्याचा गंधही नव्हता. बाप म्हणतो, “मग याला सोडव.” जिनाशी तिचे तुंबळ युद्ध होते. तो सिंह होतो, विंचू होतो, अखेर डाळिंब होऊन फुटतो. ती कोंबडा होऊन दाणे टिपते. परंतु एक दाणा नजरेतून सुटून पाण्यात पडतो. पुढे दोघेही अग्निरूप होतात, जिन भस्म होतो आणि राजपुत्र पुन्हा मनुष्य होतो. येथे आत्याबाई पुस्तक मिटीत व दिवा मालवीत.

परवा बारा वर्षांच्या पुतणीस वाचून दाखवावे म्हणून तीच गोष्ट आम्ही पुन्हा काढली, तो पुढे आणखी मजकूर निघाला! राजकन्येच्या अंगी त्या युद्धातील अग्नी भिनलेला असतो. तो दाणा वेळीच सापडता तर आपण वाचतो, असे सांगून ती बापाच्या डोळ्यांदेखत जळून राख होते. राजपुत्राचा मात्र एक डोळा तेवढा जातो.

आत्याबाईंनी मायेपोटी हा शेवट गाळला असावा. त्यांस विचारावे, तर त्या आज हयात नाहीत. लाथ मारली राजपुत्राने आणि प्राण गेले त्या मुलीचे, हे कोवळ्या मनांस सांगणे सोपे नाही, हे आम्हांसही कबूल आहे. शिवाय मुलीची विद्याच तिला भोवली, असा अर्थ कोणी यातून काढील, ही भीतीही खोटी नव्हे.

आम्हांस मात्र तसे वाटत नाही. विद्येने तर तिने एका परक्यास सोडविले. तिचा घात झाला तो एकटेपणाने. आपली मुलगी काय जाणते, हे ज्या बापास त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते, त्याला तिच्या मदतीस कसे धावावे हे तरी कोठून कळणार? ज्या घरात मुलीस आपले ज्ञान झाकून ठेवावे लागते, त्या घरात प्रसंग आला म्हणजे ती एकटीच लढते. जादू फुकट मिळत नाही, हे तर मुलांनी जाणावेच. पण तिची किंमत कोणी मोजली, हे वडीलधाऱ्यांनीही पाहावे. म्हणून ज्यांच्या कपाटात हे पुस्तक असेल, त्यांनी ही गोष्ट शेवटापर्यंत वाचावी, अशी आमची विनंती आहे.

पुतणीस आम्ही ती सगळी वाचून दाखविली. पोर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “काका, राजा तिथेच उभा होता ना? मग त्याने का नाही शोधला तो दाणा?”