'सी' आणि 'से' यांच्या मधली जागा

पुण्यात इराणी विद्यार्थी अनेक वर्षांपासून शिकायला येतात, आणि कॉलेजची व्याख्यानं कळावीत म्हणून त्यांतले बरेच जण आधी इंग्रजीच्या वर्गात बसतात. तिथे शिकवताना पहिली झुंज असते ती 'शिप' आणि 'शीप'शी. एक जहाज, दुसरी मेंढी. तेहरानहून आलेला विद्यार्थी दोन्हींना मेंढीच म्हणतो.

मराठी शाळेत घडलेला शिक्षक लगेच सांगतो, एक ऱ्हस्व, एक दीर्घ. (बोलताना आपण स्वतः तरी हा भेद कितीसा पाळतो?) विद्यार्थी मग मन लावून तीच 'ई' आखूड करतो आणि ऐकणाऱ्याला मेंढीच ऐकू येते, फक्त घाईतली. आज तेहरानमध्ये बोलल्या जाणाऱ्या फार्सीत मूळ स्वर सहाच, आणि ते ओळखले जातात ते मुख्यतः जिभेच्या जागेवरून. ब्रिटिश प्रमाण उच्चारात संयुक्त स्वर धरून वीसेक स्वर भरतात. शिवाय 'सीट'मधली 'ई' पुढच्या 'ट'मुळे 'सीड'मधल्या 'ई'पेक्षा आखूडच होते. नुसत्या लांबीवर विसंबून शिकवलं, तर विद्यार्थी हमखास चुकीच्या वाटेला लागतो.

म्हणून मी फार्सीतूनच निघते. फळ्यावर 3 आणि 30 लिहिते. फार्सीत तीन म्हणजे 'से', तीस म्हणजे 'सी'. अंगठा हनुवटीखाली ठेवून सगळ्यांनी म्हणायचं: सी, से, सी, से. 'से'ला हनुवटी अंगठ्यावर दाबली जाते, ओठांचे ताणलेले कोपरे सैलावतात. मग सांगते, 'सी'वरून निघा आणि 'से' यायच्या आत थांबा. जिथे थांबाल, तिथे 'सिट'चा स्वर आहे. पहिल्यांदा कुणी थांबत नाही, सगळे सरळ 'से'वर जाऊन आदळतात आणि 'सिट'चं 'सेट' होतं. मला ही चूक आवडते, कारण जीभ हलायला लागलेली असते.

हीच युक्ती पुढेही चालते. फार्सीत 'पूल' म्हणजे पैसे, आणि नदीवरचा पूल म्हणजे 'पोल'. या दोहोंच्या मध्ये इंग्रजीतलं ओढणं, 'पुल'. 'कॅम' म्हणजे कमी, 'कॉम' म्हणजे टाळू. त्यांच्या मध्ये 'ये' म्हणणारं 'कम'. नवा स्वर कुठल्या दोन ओळखीच्या स्वरांमध्ये आहे, हे कळलं की तो परका वाटत नाही.

पण तोंडाआधी कान. मुलांना डोळे मिटायला सांगते आणि एकेक शब्द म्हणते. जहाज असेल तर एक बोट, मेंढी असेल तर दोन. सुरुवातीला बोटं अर्धवट वर येऊन घुटमळतात. ज्याला फरक ऐकू येत नाही त्याला आरसा देऊन उपयोग नाही, हे माझं ठाम मत आहे. उलट 'मेन' आणि 'मॅन' त्यांना पहिल्याच दिवशी जमतं, कारण 'ए' आणि 'ॲ' हा भेद त्यांच्या घरचाच. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना तिथेच घाम फुटतो.

खरी चिकाटी लागते ती 'बनाना'ला. त्यातला पहिला आणि शेवटचा स्वर म्हणजे जवळपास आपला 'घर'मधला 'अ'. आपल्याला तो फुकट मिळालाय. फार्सीत तो नाही. त्यात फार्सी नामांचा आघात बहुधा शेवटच्या अक्षरावर, म्हणून तेहरानचा विद्यार्थी तिन्ही अक्षरं ठणठणीत म्हणतो आणि शेवटच्यावर जोर देतो. मी फक्त मधल्या 'ना'वर टेबलावर थाप मारते आणि बाकीची अक्षरं पुटपुटायला सांगते. नीट शिकलेल्या माणसाला पुटपुटणं म्हणजे आळस वाटतो. इंग्रजीत तो आळस नव्हे, उच्चाराचा भागच आहे, हे पटवायलाच जास्त वेळ जातो.

वर्गात काबूलची मुलगी असली, तर 3 आणि 30 तिच्या फारसे कामाचे नाहीत. तिच्या दरी बोलीत, म्हणजे अफगाणिस्तानातल्या फार्सीत, सिंह 'शेर' आणि दूध 'शीर'. तेहरानमध्ये दोन्ही 'शीर'. तिचा आखूड 'इ' इंग्रजी 'सिट'च्या बराच जवळ असतो. तिला मी थेट 'बनाना'वर आणते.