टायरवरचा फुगा आणि आमचे आठशे रुपये

या पानावर आम्ही एरवी कापडाचे भाव, सुताची तेजी-मंदी आणि थकलेली उधारी याविषयी लिहितो. आज टायरविषयी लिहीत आहोत. वाचक म्हणतील, कापडवाल्याला टायरमधले काय कळते? सप्टेंबर २०२५ पर्यंत आम्हालाही काही कळत नव्हते. जे कळले ते पदरचे पैसे मोजून कळले आणि कापडाच्याच भाषेत कळले, म्हणून सांगण्याची हिंमत करतो.

त्या महिन्याचा पहिला आठवडा होता. रात्रभर पाऊस झालेला. पिंप्राळ्यातील घरून सकाळी महामार्गाकडे निघालो. पाण्याने भरलेला खड्डा सपाट रस्त्यासारखाच दिसतो. पुढचे डावे चाक त्यात धाडकन आदळले आणि पलीकडच्या कडेवर चढून बाहेर आले. उतरून पाहिले. हवा शाबूत होती, गाडी चालत होती. आम्ही बिस्मिल्ला करून पुढे निघालो आणि विषय विसरलो.

आपल्या खानदेशची काळी जमीन कपाशीला जेवढी मानवते तेवढी रस्त्याला मानवत नाही. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरच्या डांबरालाही मग बारीक तडे जातात. तड्यांतून पाणी आत उतरले की डांबराची खडीवरची पकड सुटते आणि जाणारे प्रत्येक चाक थोडी थोडी खडी उपसून नेते. खड्ड्याचा तळ मऊ असतो, पण त्याची डांबरी कड धारदार राहते. टायरला मार देते ती ही कड.

दुसऱ्या दिवशी गाडी पुसणाऱ्या मुलाने दाखवले की टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला आहे. अजिंठा चौफुलीकडे ओळखीच्या टायरवाल्याकडे गेलो. त्याने अंगठ्याने दाबून पाहिले आणि म्हणाला, "चाचा, याला इलाज नाही. हा बदला. जोडीचाही बराच झिजला आहे, पुढचे दोन्ही बदललेत तर बरे." आम्ही विचारले, "आतून पॅच मारून चालणार नाही का?" तो हसला. दुकानामागे कापलेला एक जुना टायर पडला होता, त्याचा तुकडा त्याने आमच्या हातात दिला.

तो तुकडा पाहून आम्ही थक्क झालो. रबराच्या आत सरळ कापड होते! पॉलिएस्टरचे जाड पीळदार धागे, एकाला एक लागून. या धंद्यात त्याला टायर कॉर्ड म्हणतात. पुण्याजवळ भोसरीला सेंच्युरी एन्का ही कंपनी नायलॉनचे असे कापड बनवते, हे आम्हाला नंतर समजले. ज्यांच्या घरी माग आहे त्यांना ही गोष्ट लगेच कळेल: या कापडात सगळी ताकद ताण्याची असते. बाणा नावापुरता, अगदी विरळ आणि बारीक, ताणा रबरात जाईपर्यंत जागेवर धरून ठेवण्यापुरता. आजच्या रेडियल टायरमध्ये हा ताणा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा जातो. जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, पण बाजूच्या भिंतीत एखादा-दुसरा कापडाचा थर आणि वर पातळ रबर, बस्स. खड्ड्याच्या कडेवर चाक आपटले की टायरची भिंत लोखंडी रिम आणि डांबराची कड यांच्यात चेमटते आणि आतला ताणा तुटतो. रबर मात्र फाटत नाही, ते ताणले जाते. आतली हवा त्या कमजोर जागी बाहेर ढकलते आणि फुगा दिसतो. म्हणजे बोजा आता कापडावर नाही, नुसत्या रबरावर आहे. थानातला तुटलेला ताणा रफू करून खपवता येतो, पण टायरमधल्या ताण्याला गाठ मारणारा कारागीर दुनियेत नाही.

त्याच माणसाने एक मामूली पण कामाची गोष्ट सांगितली. रेडियल टायरच्या भिंतीवर कधी कधी आत गेलेली उभी खाच दिसते. तिथे कापडाचे दोन पदर एकमेकांवर आलेले असतात. जोड दुहेरी असल्याने तो भाग कमी फुगतो, इतकेच. आत गेलेल्या खाचेला घाबरू नये. बाहेर आलेल्या फुग्याशी मात्र घासाघीस करू नये.

आता आमच्यातला व्यापारी जागा झाला. आमच्या मापाच्या टायरची किंमत ४,००० रुपये आणि त्यावर २८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,१२० रुपये. पण ३ सप्टेंबरलाच जीएसटी कौन्सिलचा निर्णय झाला होता की २२ सप्टेंबरपासून टायरवरचा कर १८ टक्के होणार. मग तोच टायर ४,७२० रुपयांना. दोन टायरमागे ८०० रुपये सरळ वाचत होते आणि थांबायचे होते फक्त दोन-अडीच आठवडे. टायरवाला स्वतः म्हणाला, "बावीसनंतर स्वस्त मिळेल हे मला माहीत आहे, तरी सांगतो, आज बदला." माल विकणारा खरे बोलत असेल यावर व्यापाऱ्याचा विश्वास चटकन बसत नाही. आम्ही स्टेपनी पुढे लावून घेतली आणि फुग्याचा टायर डिकीत टाकला. (वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर जादा चाक बनवणारी कंपनी निघाली, तिचे नाव आपण आजवर चालवतो आहोत.)

त्याच आठवड्यात जुने टायर घेणारा एक जण दुकानी आला. फुग्याच्या टायरचे तो ४०० रुपये देत होता. पुढे तो कोणत्या गरिबाच्या टेम्पोला लागणार हे उघड होते. दागी थान फ्रेश म्हणून विकणे आम्ही उभ्या आयुष्यात केले नाही, हे तरी कसे करावे? आम्ही नाही म्हटले आणि त्या रात्री स्वतःवर फार खूश होतो. जी चीज परक्याला विकणे आम्ही नाजायज समजलो तीच घरच्या गाडीच्या डिकीत ठेवली आहे, हे मात्र ध्यानात आले नाही.

आठवड्याने भाचा मालेगावहून लुंगी आणि अस्तराच्या कापडाचे गठ्ठे घेऊन परत येत होता. नवरात्राच्या तोंडावर मालाची घाई होती. धुळे सोडल्यावर मागच्या डाव्या चाकात लोखंडाची पत्री घुसली. पंक्चरवाल्याने दोन दोऱ्या भरल्या तरी हवा टिकेना. ही दोरी खिळ्याच्या भोकाला, तेही टायरच्या मधल्या भागात, चालते. फाटलेल्या जागी ती काय करणार? डिकीत दुसरा टायर होता, त्याने तोच लावला. फुगा दिसला तेव्हा आम्हाला फोन केला. "मामू, हा चालेल का?" आम्ही म्हणालो, "हळू ये." हे दोन शब्द आम्हाला अजून झोपू देत नाहीत.

मागे गठ्ठ्यांचा भार, भर दुपारचे ऊन, तापलेला रस्ता. मुकटीच्या जवळ टायर फुटला. भाचा पन्नासच्या आत चालवत होता. गाडी डावीकडे ओढली जाऊन कडेच्या मातीत थांबली. मागून येणारा ट्रक दूर होता. अल्हम्दुलिल्लाह, मुलाला खरचटलेही नाही. रिम रस्त्यावर घासून निकामी झाली. रिमचे १,८००, क्रेनचे २,५००, माल आणायला टेम्पो केला त्याचे २,०००. वाचवायचे होते ८००, गेले ६,३००. पण हा हिशेब आम्ही घरात कोणापुढे मांडला नाही. बहिणीसमोर कोणत्या तोंडाने मांडणार?

गाडी खड्ड्यात आदळली तर काय पाहावे, तेवढे सांगतो. त्याच दिवशी सावलीत गाडी उभी करून चाकाच्या दोन्ही बाजूंवरून हात फिरवावा. आतल्या बाजूचा फुगा बाहेरून दिसत नाही, त्यासाठी गाडी वर उचलावी लागते. रिमची कड वाकली असेल तर हवा हळूहळू जाते, साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दिसतात. लोखंडी रिम ठोकून सरळ करतात. अलॉय रिमला चीर आहे का, ते आधी बघावे. स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट बिघडली. वेग वाढल्यावर हात थरथरत असतील तर बॅलन्सिंग पाहावे. फुगा नाही, भिंतीत चीर नाही, फक्त मधल्या रबराला वरवरची काप आहे आणि आतले धागे किंवा तार दिसत नाही, तर नवीन टायर घेण्याची गरज नाही. कोणी चारही बदला म्हणाला तर त्याला कारण विचारावे. टायरच्या खाचांत लहान उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरची खूण दाखवतात. रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आले की फुगा असो-नसो, टायर संपला.

आपल्या धंद्यात आणखी एक खोड आहे. मागच्या सीटवर छतापर्यंत गठ्ठे भरायचे आणि हवा मात्र महिनोन्‌महिने पाहायची नाही. कमी हवेचा टायर खड्ड्यात लवकर चेमटतो. हवा सकाळी, टायर गार असताना पाहावी. किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते, भरल्या गाडीचा आकडा वेगळा असतो.

विम्याची आशा धरू नये. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत नुसत्या टायरचे नुकसान मिळत नाही. त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायरच्या किमतीचा निम्मा भाग मिळतो, आणि दावा केला की नो क्लेम बोनस जातो. टायरसाठी वेगळे संरक्षण जादा हप्ता भरून घेता येते. रस्त्याच्या मालकाकडून वसुलीचे म्हणाल तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले की चांगला रस्ता हा नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. हा आदेश माणसांसाठी आहे. टायरचे पैसे आपले आपल्यालाच भरायचे आहेत.

आम्ही दुसऱ्याच दिवशी त्याच टायरवाल्याकडून दोन टायर घेतले, जुन्या करानेच. आम्हाला वाटले होते नवीन जोडी पुढे लावावी. तो म्हणाला, नवीन मागे. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर माणूस स्टिअरिंगने सावरतो, मागची घसरली तर गाडीच फिरते. मग त्याने आमच्या जुन्या स्टेपनीवरचे चार आकडे वाचून दाखवले: ३८१७, म्हणजे २०१७ सालचा अडतिसावा आठवडा. आठ वर्षे झाली होती. पाच वर्षांनंतर दरसाल तपासणी आणि दहाव्या वर्षी काहीही झाले तरी निवृत्ती, असे टायर बनवणारेच सांगतात.

तिच्या जागी तिसरा टायर आम्ही २२ तारखेनंतर घेतला. तो ४,७२० रुपयांना मिळाला.