घरच्या घरीं साइडबोर्ड

जेवणघरांत भिंतीशीं ठेवावयाचें बुटकें, लांबट कपाट म्हणजे साइडबोर्ड. त्याचा आराखडा काढणें सोपें आहे. तें आपल्याकडच्या पावसाळ्यांतून सुखरूप पार पडेल असें करणें मात्र कठीण.

माझ्या पहिल्या साइडबोर्डाच्या दारांतील फळ्या मीं चौकटींत सरस लावून गच्च बसविल्या होत्या. श्रावणांत त्या फुगल्या व चौकटीचे जोड उचकटले. वैशाखांत एका फळीला उभी भेग गेली. लाकूड हवेंतील ओल घेतें व सोडतें. रेषांच्या लांबीला तें जवळजवळ स्थिर राहतें. फुगतें व आटतें तें रुंदीला. सागवानाची ही हालचाल पुष्कळ लाकडांहून कमी, पण अजिबात नाहीं असें नव्हे. म्हणून चौकटीचे कोपरे सरसानें पक्के करावे, परंतु तिला आंतून खांच पाडून मधली फळी तींत कोरडी, किंचित् सैल सोडावी.

दुसरा प्रश्न झोळाचा. वजन तेंच ठेवून फळीचा गाळा निम्मा केला, तर झोळ आठव्या हिश्शावर येतो. जाडी दुप्पट केली तरी तितकाच. गणिताचा मास्तर असून हें मला लोणच्याच्या बरण्या मांडल्यावर सुचलें! तेव्हां मध्यें एक उभी फळी घालावीच.

स्पिरिटांतील लाखेचें पॉलिश देखणें खरें, परंतु गरम पातेल्याखालीं तें पांढरा डाग धरतें. वरच्या फळ्याला जवसाचें तेल चोळावें. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून ठेवूं नयेत, त्या आपोआप पेट घेऊं शकतात. पाय चांगले वीतभर ठेवावेत, म्हणजे खालून केरसुणी फिरते.