पांढऱ्या वाइनची पारख आणि आपला द्राक्ष बागाईतदार

वाइनच्या परीक्षेसारखा विषय शेतकी पत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात येईल. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा या लेखाचा हेतू नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. परंतु ज्या मालाचे मोल अखेरीस जिभेवर ठरते, त्याची परीक्षा कशी होते हे तो पिकविणाऱ्यास ठाऊक असावयास हवे. खामगाव-मलकापूरच्या बाजारात व्यापारी कापूस चिमटीत धरून धागा ओढून पाहतो आणि मग भाव बोलतो. तो काय पाहतो हे जाणणारा शेतकरी सहसा फसत नाही. द्राक्षाचेही तसेच आहे.

सिंदखेडराजा व देऊळगावराजा या तालुक्यांना लागून असलेल्या जालना जिल्ह्यात, विशेषतः कडवंची गावात, पाणलोट विकास व शेततळी यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. त्या पाहून आमच्याकडील शेतकऱ्यांनाही द्राक्षाची ओढ वाटते. त्यातच समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजावरून गेल्यामुळे नाशिक जवळ आल्यासारखे झाले आहे. साहजिकच, खाण्याच्या द्राक्षाऐवजी वाइनचे द्राक्ष लावावे काय, अशी विचारणा होऊ लागते. या विचारणेस उत्तर देण्यापूर्वी मागील अनुभव ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. विंचूर व पलूस येथे वाइन उद्योगासाठी वसाहती झाल्या, नाशिक परिसरात अनेक कारखाने निघाले, आणि शेनिन ब्लाँ, सोविन्यों ब्लाँ इत्यादी पांढऱ्या वाइनच्या जातींची लागवड वाढली. पुढे २००८ च्या अखेरीस आर्थिक मंदी आली. वाइनची मागणी घसरली, टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि त्यानंतरच्या हंगामांत कित्येक बागाईतदारांना आपल्या वेली उपटाव्या लागल्या. वाइनचे द्राक्ष लहान मण्याचे, बियांचे व जाड सालीचे असते. ते खाण्यासाठी कोणी घेत नाही, त्याचा बेदाणाही होत नाही. थॉमसन सीडलेसच्या मालास कारखान्याने नकार दिला तर बाजार आहे, बेदाण्याची शेड आहे. शेनिन ब्लाँच्या मालास एकच दार आहे.

ते दार उघडे राहील की बंद होईल, हे पुष्कळ अंशी चवीवर अवलंबून असते. चवीची परीक्षा पद्धतशीर कशी करावी याचा चांगला पाठ ऑस्ट्रेलियात सापडतो. आश्चर्य वाटेल, परंतु त्या देशात वाइनची स्पर्धा शेतकी प्रदर्शनाच्या परंपरेत वाढली. सिडनी, मेलबर्न आदी शहरांतील ज्या शेतकी संस्था बैल, मेंढ्या व धान्य यांना बक्षिसे देत आल्या, त्यांनीच वाइनलाही पदके दिली. परीक्षकांपुढे बाटली येत नाही. क्रमांक घातलेले पेले येतात. उत्पादक कोण, किंमत किती, हे त्यांस कळत नाही. तीन परीक्षक न बोलता आपापले गुण मांडतात व त्यानंतरच चर्चा करतात. जुन्या पद्धतीत प्रत्येकाचे २० गुण असत. रंग व स्वच्छता यांस ३, वासास ७ आणि चवीस १०. तिघांचे मिळून ६० पैकी ५५.५ गुण झाले तर सुवर्णपदक. आता बहुतेक ठिकाणी १०० गुणांची पद्धत आली आहे व सुवर्णास ९५ लागतात. तथापि समजून घेण्यास जुनी वाटणीच सोपी, असे मला वाटते.

पेला एक तृतीयांशच भरतात आणि पांढऱ्या कापडावर तिरका धरून रंग पाहतात. कोवळी पांढरी वाइन फिकट, किंचित हिरवट झाक असलेली असावी. ती लवकर तपकिरी पडली असेल तर रसास हवा लागली, असा तर्क करतात. नंतर पेला हलकेच फिरवून वास घेतात. सडक्या अंड्याचा, व्हिनेगारचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास आला की गुण गेलेच. शेवटी घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात. गिळत बसले तर पाचपन्नास नमुन्यांची परीक्षा होणारच नाही! या घोटात शोधावयाचे ते आंबटपणा व फळाची चव यांचा मेळ, आणि थुंकल्यानंतर चव किती वेळ टिकते ते.

आता ज्या जातींचा गवगवा कमी आहे त्यांच्याकडे वळू, कारण आपल्याला बोध तेथेच आहे. सिडनीच्या उत्तरेकडील हंटर खोरे उष्ण आहे, आणि ऐन काढणीच्या दिवसांत तेथे पाऊस येतो. अशा जागी उत्तम पांढरी वाइन होऊ नये. पण तेथील बागाईतदार सेमियों जातीचे द्राक्ष लवकर, साखर कमी व आंबटपणा भरपूर असताना काढतात. त्या वाइनमध्ये मद्यार्क दहा-अकरा टक्क्यांच्या आसपासच असतो. कोवळेपणी ती लिंबासारखी, जरा रुक्ष लागते. दहा वर्षे बाटलीत राहिली की तिला भाजलेल्या पावाचा व मधाचा स्वाद येतो, जरी ती लाकडी पिंपात कधी ठेवलेली नसली तरी. मदिरा बेटावरून आलेली व्हर्देल्हो ही जातही याच खोऱ्यात व पश्चिम ऑस्ट्रेलियात रुजली. तिची वाइन लवकर पिण्याजोगी, फळाच्या दाट चवीची होते. पर्थजवळील उष्ण स्वान खोऱ्यात तर नाशिकची शेनिन ब्लाँच नांदते. ही जात उन्हातही आंबटपणा बऱ्यापैकी राखते, म्हणून ती दोन्हीकडे टिकली. तिचे घड मात्र गच्च असतात. अवकाळी पावसाचे पाणी आत राहिले तर कूज लागते, हे बागाईतदाराने विसरू नये.

या सर्वांतून निघणारी गोष्ट एकच. पांढऱ्या वाइनचा गुण कारखान्यात थोडा व काढणीच्या दिवशी फार ठरतो. आपल्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी होते व माल जानेवारी ते मार्च या काळात तयार होतो. फेब्रुवारी उलटला की ऊन चढते, साखर वाढते आणि आंबटपणा झपाट्याने उतरतो. वजनाच्या लोभाने आठ दिवस थांबलेला माल गोड लागतो, पण त्याची वाइन निर्जीव होते, आणि परीक्षकाच्या चवीच्या १० गुणांत ती तेथेच मागे पडते. साधारणपणे २० ते २२ ब्रिक्स साखर असताना माल काढतात. परंतु केवळ ब्रिक्सवर विसंबू नये. काढणीच्या तीन आठवडे आधीपासून दर तीन-चार दिवसांनी सकाळी, ओळीच्या दोन्ही अंगांचे, घडाच्या वरच्या व खालच्या भागांतले मिळून शे-दोनशे मणी घ्यावेत. रस काढून रिफ्रॅक्टोमीटरवर साखर पाहावी, आंबटपणाची तपासणी करून घ्यावी, आणि काही मणी स्वतः चावून पाहावे. बी हिरवी आहे की तपकिरी, साल चघळली असता कच्च्या गवतासारखी लागते काय, जिभेच्या कडांना पाणी सुटते काय, ते वहीत लिहून ठेवावे. ज्यास वाइन वर्ज्य आहे त्यासही ही परीक्षा करण्यास हरकत नाही.

बुलढाण्याच्या दृष्टीने अडचण अंतराची आहे. सिंदखेडराजाहून नाशिक अडीचशे किलोमीटरहून अधिक दूर. पहाटे काढलेला माल ऊन चढण्यापूर्वी कारखान्यात पडला पाहिजे. मणी वाटेत फुटले तर रस तपकिरी पडू लागतो व वासाचे ७ गुण ट्रकमध्येच सांडतात. म्हणून कारखान्याशी लेखी करार झाल्यावाचून आमच्या जिल्ह्यात वाइनच्या द्राक्षाची एक वेलही लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. करारात केवळ दर व टनेज नको. साखर व आंबटपणाची मर्यादा, नमुना कोण व केव्हा घेणार, माल नाकारल्यास कारण लेखी मिळणार काय, वाहतूक कोणाकडे, रक्कम किती दिवसांत, हे सर्व असावे. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून जाती व खुंट यांविषयी सल्ला घ्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गुणपद्धती संत्रा, गूळ, मध यांवर करून पाहावी. ताटल्यांवर केवळ क्रमांक घालावेत, तिघांनी न बोलता रंग, वास व चव यांस ३, ७ व १० पैकी गुण द्यावेत, आणि शेवटी नावे उघडावीत. स्वतःचा माल पाचव्या क्रमांकावर आलेला पाहून ज्या शेतकऱ्यास राग न येता कुतूहल वाटेल, त्याच्याशी द्राक्षाची गोष्ट काढावी.