मिरीचे पाणी आणि हुलग्याचे माडगे

चेन्नई शहरात हिवाळा असतो असे कोणी म्हटले, तर महाराष्ट्रातील माणसाला त्याचे हसूच येईल. ऐन जानेवारीतील पहाटेसुद्धा तेथील पारा विसाच्या खाली सहसा फारसा उतरत नाही. मीही प्रथम हसलोच होतो. परंतु नोकरीच्या निमित्ताने या शहराच्या दक्षिणेस, पेरुंगुडी येथे, बिऱ्हाड थाटल्यानंतर एक गोष्ट मला कबूल करावी लागली. थंडी ही केवळ पाऱ्यावर मोजावयाची वस्तू नव्हे. आपल्याकडे पाऊस परतल्यावर थंडी येते. येथे पाऊस आणि थंडी हातात हात घालून येतात. ऑक्टोबर ते डिसेंबर हा येथील खरा पावसाळा. ईशान्येकडून वारा सुटतो, आभाळ दिवसचे दिवस झाकोळलेले राहते, आणि पेरुंगुडीला लागून असलेल्या पळ्ळिकरणैच्या दलदलीवरून जो ओला गारठा घरात शिरतो, तो अंथरुणा-पांघरुणात मुरून बसतो. अशा दिवसांत येथील माणसे लोकरीचे कपडे शोधीत नाहीत. ती चुलीवर काहीतरी पातळ, ऊन व तिखट उकळत ठेवतात.

हे पातळ आणि ऊन पदार्थ वस्तुतः काय करतात, त्यांची जात कोणती आणि ते एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात गेले म्हणजे त्यांचे काय होते, याचा विचार करण्याची पाळी माझ्यावर आली ती एका अडचणीच्या प्रसंगामुळे.

सन २०२३ च्या दिवाळीनंतर माझी आई आमच्याकडे राहावयास आली. तिचे वय तेव्हा पंचाहत्तर. सारा जन्म सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात गेलेला. येथे तिला ना शेजार कळे, ना दाराशी येणाऱ्या भाजीवाल्याची भाषा. सामानात तिने दोन गोष्टी आणल्या होत्या: हुलग्याच्या पिठाचे एक गाठोडे आणि लोखंडी खलबत्ता. घरात दळणकुटणाचे विजेचे यंत्र असताना हे पाचसहा शेरांचे ओझे एवढ्या दूर कशासाठी, असे मी तिला विचारले. थोडे कुत्सितपणेच विचारले, हे आता सांगितले पाहिजे. ती काही बोलली नाही. खलबत्ता पलंगाखाली गेला.

डिसेंबरच्या ३ व ४ तारखांना मिचाँग वादळाचा पाऊस कोसळला. वेळच्चेरी, पळ्ळिकरणै, पेरुंगुडी हा सगळाच सखल भाग. आमच्या इमारतीचा तळमजला पाण्यात गेला, वीज गेली, उद्वाहक बंद पडला आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर अडकलो. त्यातच आईला ताप भरला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, पण अन्नावरची वासना उडाली. भात नको, खिचडी नको, दूध तर नव्हतेच. म्हातारपणी ताप माणसाला जेवढा खात नाही, तेवढी उपासमार खाते, हे ठाऊक असल्यामुळे मी घाबरलो होतो. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या मामी मेणबत्तीच्या उजेडात जिना चढून आल्या. हातात झाकलेला स्टीलचा गडू होता. त्यात होते रसम्. आईने एक घोट घेतला, थांबली, आणखी एक घेतला आणि म्हणाली, "अरं, हे तर हुलग्याचंच हाय की!"

ते खरोखरच हुलग्याचे होते. देशावर ज्याला हुलगा म्हणतात, कोकणात कुळीथ म्हणतात, त्यालाच तमिळ लोक कोळ्ळु म्हणतात. पाणी तोडले तरी येणारे, हलक्या जमिनीला न कंटाळणारे हे कडधान्य. घोड्याबैलांना खुराक म्हणून देत, त्यामुळे इंग्रजीत त्याला घोड्याचेच नाव पडले आणि प्रतिष्ठित पंक्तीतून ते बाद झाले. गरिबाने मात्र त्याला सोडले नाही. शंभर ग्रॅम हुलग्यात वीस-बावीस ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे तुरीच्या डाळीहून तो काही मागे नाही. सर्दीपडशावर कोळ्ळु रसम् द्यावे, ही तमिळ घरांतील जुनी समजूत आहे. आणि पावसात भिजून आलेल्या माणसाला कुळथाचे कढण द्यावे, ही कोकणातील. दोन्ही घरांनी एकमेकांना विचारलेले नाही.

माणदेशात याच धान्याचे माडगे करतात. हुलगे भाजून दळावयाचे, ते पीठ पाण्यात कालवावयाचे, लसूण, मिरची आणि मीठ घालून रटरट शिजवावयाचे. कोणी गुळाचा खडाही टाकतात. त्यात बाजरीची भाकरी कुस्करली की जेवण झाले. पिठाचीच कडी वळून ती मसाल्याच्या पाण्यात शिजविली की शेंगोळे होतात. माडगे दाट, शेंगोळे त्याहून भरीव. रसम् मात्र पाण्यासारखे. धान्य एक असून ही तफावत का, हा प्रश्न मला त्या अंधाऱ्या संध्याकाळी पडला. वीज नसली म्हणजे असे प्रश्न सुचतात.

याचे उत्तर काही अंशी पदार्थविज्ञानात आहे. पातळ द्रव निवतो तेव्हा त्याचा वरचा गार थर खाली बसतो आणि खालचा ऊन थर वर येतो. हे अभिसरण सतत चालू राहून सगळे भांडे लवकर थंड होते. पिठातील पिष्ट शिजून फुगले, की द्रव दाट होतो आणि हे अभिसरण मंदावते. म्हणूनच माडगे वरून निवाल्यासारखे दिसते आणि आत जीभ पोळवते. माणदेशातील थंडी कोरडी. रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो आणि माणूस उघड्या रानात राखणीला बसलेला असतो. त्याला उष्णता धरून ठेवणारा पदार्थ हवा. पेरुंगुडीतील माणसाला उष्णता टिकवावयाची नसते. त्याला ओलसर हवेने चोंदलेले नाक मोकळे करावयाचे असते आणि मंदावलेल्या भुकेला डिवचावयाचे असते. ते काम वाफाळलेले, मिरी घातलेले पातळ पाणी करते.

ऊन पदार्थाने अंग तापते म्हणजे किती तापते, याचा हिशेब मी मांडून पाहिला. हिशेबाची सवय आमच्या व्यवसायाला जडलेलीच असते. पासष्ट अंशांवरील तीनशे मिलिलिटर रसम् शरीराच्या तपमानापर्यंत निवताना सुमारे साडेआठ किलोकॅलरी देते. स्वस्थ बसलेला माणूस तासाला साठ-सत्तर किलोकॅलरी आपणहूनच निर्माण करीत असतो. म्हणजे वाडगाभर उन्हाळ पाण्याची कमाई ही शरीराच्या सात-आठ मिनिटांच्या कमाईएवढी! याउलट माडग्यातील तीस ग्रॅम पीठ शंभराच्या आसपास किलोकॅलरी देते, आणि प्रथिने पचविताना त्यांतील ऊर्जेचा बराच भाग, पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिकही, उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. तेव्हा खरी ऊब देते ते धान्य, पाणी नव्हे. मग त्या पहिल्या घोटाबरोबर कानशिले तापल्याची जी जाणीव होते ती कोठून येते?

ती येते तिखटातून. तोंडातील ज्या ज्ञानतंतूंना भाजणारी उष्णता कळते, त्यांवर एक ग्राहक प्रथिन असते. सुमारे त्रेचाळीस अंशांच्या वर ते जागे होते. मिरचीतील कॅप्सायसिन नेमके त्यालाच जागे करते. मिरीतील पायपरीनही तेच करते, मात्र अधिक सौम्यपणे. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. म्हणजे तिखट ही जिभेची चव नसून शरीराची उष्णतेविषयीची चूक आहे. चूक असली तरी मेंदू तिच्यावर विश्वास ठेवतो: कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम येतो, नाक वाहू लागते. घामाने अंग शेवटी गारच होते, हा त्यातील विनोद.

तिखटाचा इतिहास भाषेनेच जपून ठेवला आहे. मिरची ही मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर सोळाव्या शतकात ती आपल्याकडे आली. तोवर आपला तिखटपणा मिरी, पिंपळी व आले यांवर चालत असे. नवे फळ आले तेव्हा मराठीने मिरीवरून त्याला मिरची म्हटले. तमिळने मिळगु म्हणजे मिरी आणि काय् म्हणजे कच्चे फळ, असे जोडून मिळगाय् म्हटले. पुढे मिरचीने बहुतेक भांड्यांतून मिरीला हुसकावले. एका भांड्याने मात्र मिरी सोडली नाही, आणि ते भांडे रसमाचे.

याच मिरीच्या पाण्याने एके काळी सातासमुद्रांपलीकडे प्रवास केला. मिळगु आणि तण्णीर मिळून मिळगुतण्णीर. यातील तण्णीर म्हणजे मुळात थंड पाणी, पण व्यवहारात नुसतेच पाणी. मद्रासेतील इंग्रजांना जेवणाच्या आरंभी सूप लागे. येथील स्वयंपाक्यांना ती कल्पनाच नव्हती, कारण त्यांचे रसम् भाताबरोबर, सांबारानंतर पानात येई. त्यांनी मग साहेबाच्या समजुतीसाठी मिरीच्या पाण्यात मांस, कांदा, पीठ, कोठे नारळाचे दूध घालून ते दाट केले. साहेबाने त्याचा उच्चार मल्लिगाटॉनी केला. ज्याच्या लिपीत ळ नाही त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षा करू नये. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात या शब्दाची सविस्तर नोंद आहे. त्या कोशाचे एक कर्ते आर्थर बर्नेल हे मद्रास प्रांतातील मुलकी सेवेतले. तंजावरच्या राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची सूचीही त्यांनीच केली. मद्रासकडील गोऱ्या अधिकाऱ्यांना या सुपावरून 'मल' म्हणत आणि मुंबईकडील अधिकाऱ्यांना 'डक', म्हणजे बोंबील म्हणत, असे हा कोश सांगतो. मी मुंबईहून मद्रासेस आलेला. तेव्हा माझी बदली बोंबलातून रसमात झाली म्हणावयाची.

पाण्याला दाटपणा येणे ही थंड देशांची गरजच होती. हंगेरीतील गुलाश हा मुळात गुराख्यांचा पदार्थ. अमेरिकेतील टेक्सास प्रांतात 'चिली' या नावाने जे खातात ती मिरची नव्हे, तर लाल मिरच्यांत शिजविलेल्या मांसाची दाट भाजी; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन अँटोनियोच्या चौकांत बायका ती विकीत असत, आणि १९७७ साली त्या राज्याने तिला आपला अधिकृत पदार्थ ठरविले. पॅरिसमध्ये अठराव्या शतकात अशक्तांसाठी जो शक्तिवर्धक रस्सा विकीत, त्याचे नाव रेस्तोराँ; ते पुढे दुकानाला चिकटले. गुराखी, रस्त्यावरची विक्रेती आणि आजारी माणूस यांच्या भांड्यातून हे पदार्थ निघाले. राजेरजवाड्यांच्या मुदपाकखान्यातून फारसे नव्हेत.

राजवाड्याची गोष्ट निघाली म्हणून तंजावरचा उल्लेख करतो. सांबार हा तेथील मराठ्यांचा शोध, आमसुले संपली म्हणून चिंच घातली गेली आणि संभाजीराजांच्या नावावरून नाव पडले, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. ती कथा आहे, इतिहास नव्हे. तिच्यावर भांडण करू नये. मला अधिक विश्वसनीय वाटतो तो रोजच्या स्वयंपाकाचा पुरावा. आपले सार, कन्नड सारु, तेलुगू चारु, तमिळ चाऱु हे शब्द एकाच भांड्याच्या काठावर बसलेले आहेत. आपण संक्रांतीच्या आदल्या दिवशी वांगी, पावटे, हरभरा, गाजर एकत्र करून तीळ लावलेली भोगीची भाजी करतो. तमिळ घरांत मार्गळी महिन्यातील तिरुवादिरैला सात भाज्यांचे कूट्टु होते. थंडीत जे मळ्यात पिकते ते एका भांड्यात, हा न्याय दोघांचा एकच.

आता पुन्हा पेरुंगुडीस येतो. आईने ते रसम् संपविले आणि दुसऱ्या दिवशी थोड्या भातावर मागितले. मामींना आणखी करावयाचे होते, पण अडचण अशी होती की गॅस होता, हुलगे होते, चिंच होती; मिरी-जिरे वाटावयाचे यंत्र मात्र विजेवाचून मुके झाले होते. आदल्या दिवशीची पूड संपली होती. आईने मला पलंगाखालचा खलबत्ता काढावयास सांगितले. मी काढला. ती भिंतीला टेकून बसली आणि मिरी कुटू लागली. तो ठणठण आवाज जिन्यात ऐकू गेला. तासाभरात चौथ्या मजल्यावरची एक सून वाटीत मिरी घेऊन आली, नंतर पलीकडच्या दारातील आजोबा. तीन दिवस आमच्या जिन्यातील सर्व घरांचे रसम् माणदेशातील लोखंडात कुटले गेले. आई आणि मामी दोघी एकमेकींना मामी म्हणू लागल्या. एकीला दुसरीचे एक वाक्य समजत नव्हते, पण मिरी जाडसर ठेवावी की बारीक, यावर त्यांचा वाद मात्र व्यवस्थित झाला. मामींचे म्हणणे जाडसर.

मी उभे राहून कृती पाहिली ती अशी. वाटीभर हुलगे रात्रभर भिजवून सात-आठ वाट्या पाण्यात मऊ शिजवावयाचे आणि पाणी गाळून घ्यावयाचे. दाणे टाकावयाचे नाहीत. त्यांची उसळ होते. लहान लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, मीठ आणि चिमूटभर हळद घालून तो कच्चा वास जाईपर्यंत उकळावयाचा, मग त्यात हुलग्याचे पाणी. शेवटी दोन चमचे मिरी, एक चमचा जिरे आणि चार लसणीच्या पाकळ्या कुटून घालावयाच्या. येथे खरी कसोटी आहे: वर फेस जमला की भांडे उतरावयाचे, खळखळ उकळू द्यावयाचे नाही. मिरीचा तिखटपणा उकळून जात नाही, पण तिचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलांत असतो आणि तो वाफेबरोबर निघून जातो. वरून तुपात मोहरी, हिंग, कढीलिंब यांची फोडणी. आईने आपल्या पद्धतीने त्यात चमचाभर हुलग्याचे पीठ कालवून पाहिले. रसम् किंचित दाट झाले. मामींनी चाखले, मान हलविली आणि हाताने खूण केली की हे रसम् नव्हे. मग पुन्हा एक वाटी पुढे केली.

वीज आली तेव्हा सगळ्यांची यंत्रे पुन्हा घरघरू लागली. खलबत्ता मामींकडे होता. तो चार दिवसांनी परत आला, धुऊनपुसून, तेलाचा हात फिरवून, आणि त्याच्या पोटात मूठभर मिरी. आईने मला विचारले, याला त्यांच्यात काय म्हणतात? मी विचारून सांगितले, उरल. उखळासारखंच म्हणायचं की, असे म्हणून तिने तो पलंगाखाली न ठेवता ओट्यावर ठेवला.