आघातानंतरची वाटचाल आणि मार्गदर्शक

शरीराला झालेली जखम डोळ्यांना दिसते, आणि म्हणून तिच्याविषयी घरातील माणसे सहजच काळजी घेतात. मनाच्या जखमेचे तसे नाही. अपघात, भूकंप, घरातील मारहाण, बालपणी झालेली आबाळ किंवा आप्ताचा अकाली मृत्यू यांतून माणूस बाहेर पडतो, कामाला लागतो, चारचौघांत हसतोही. परंतु दार जोराने आपटले की तो दचकतो आणि रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागत नाही. मग घरची माणसे म्हणतात, ‘झाले गेले गंगेला मिळाले, आता विसरून जा.’ वस्तुतः विसरणे हे त्याच्या हाती नसते. अशा माणसांसाठी आघाताची जाण ठेवून केलेल्या व्यक्तिविकासाच्या मार्गदर्शनाची, म्हणजे कोचिंगची, जाहिरात अलीकडे ठिकठिकाणी दिसते. त्याकडून काय अपेक्षा करावी आणि काय करू नये, याचा आज थोडा विचार करू.

‘कोचिंग’ म्हटले की आपल्याला परीक्षेचे खाजगी वर्ग आठवतात. मूळ शब्द मात्र हंगेरीतील कोच या गावी बनणाऱ्या घोडागाडीवरून आला आहे. गाडी प्रवाशाला त्याच्या मुक्कामी नेते. मुक्काम कोणता, हे प्रवासीच ठरवतो. चांगल्या मार्गदर्शकाचे कामही याच स्वरूपाचे होय. तो रोगाचे निदान करीत नाही आणि औषध देत नाही. आपल्याला पुढे कोठे जायचे आहे हे आपल्याकडूनच तो समजून घेतो, आणि तेथवर जाण्यास सोबत करतो.

आता ‘आघाताची जाण’ म्हणजे काय? १९८० मध्ये अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात आघातोत्तर ताणविकृतीस स्वतंत्र स्थान दिले. पुढे विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांची मोठी पाहणी केली. तिच्यात एकूण १७,००० हून अधिक प्रौढांनी भाग घेतला, आणि तिचे पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. असे अनुभव जितके अधिक, तितका पुढील आयुष्यात नैराश्याचा, व्यसनाचा आणि हृदयविकारासारख्या शारीरिक व्याधींचाही संभव अधिक, असे त्यांत दिसून आले. तेव्हापासून ‘या माणसात काय खोट आहे’ असे विचारण्याऐवजी ‘याच्यावर काय ओढवले असावे’ असे विचारण्याकडे तज्ज्ञांचा कल वाढला. २०१४ मध्ये अमेरिकन शासनाच्या मानसिक आरोग्यविषयक खात्याने या दृष्टीची सहा तत्त्वे मांडली : सुरक्षितता, विश्वासार्हता व पारदर्शकता, समदुःखी माणसांचा आधार, परस्पर सहकार्य, स्वतःच्या निवडीचा अधिकार, आणि संस्कृती, इतिहास व स्त्रीपुरुषभेद यांचे भान.

ही तत्त्वे प्रत्यक्षात कशी दिसतात? पहिल्या भेटीत शुल्क किती, भेटी किती, बोललेले कितपत गुप्त राहील आणि कोणत्या प्रसंगी ती गुप्तता पाळता येणार नाही, हे आपल्याला स्पष्ट सांगितले जाते. कोठे बसायचे, दार उघडे ठेवायचे की बंद, हेदेखील आपल्याला विचारले जाते. जे आपल्या जिवाच्या मर्जीविरुद्ध घडले, त्यानंतर लहानसहान गोष्टींतही आपली मर्जी विचारली जाणे, हाच एक उपचारासारखा अनुभव असतो.

दुसरी गोष्ट अशी की, घडलेली हकीकत सांगण्याची सक्ती होत नाही. मन एकदा मोकळे केले की सारे निवळते, अशी आपली समजूत असते. परंतु आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सारे वदवून घेतल्याने पुढील विकार टळतो, असे संशोधनात आढळले नाही. जागतिक आरोग्य संघटनाही तशा बैठकीची शिफारस करीत नाही. म्हणून बोलताना हातपाय गार पडले, छातीत धडधडू लागले, तर सुज्ञ मार्गदर्शक थांबतो. पाय जमिनीवर टेकवा, खोलीतील पाच वस्तूंची नावे घ्या, श्वास सावकाश सोडा, असे साधे उपाय तो शिकवतो. त्यानंतर पुढचे पाऊल ठरते, आणि तेही लहानच : या आठवड्यात एकदा बाजारात जाऊन येणे, एका मैत्रिणीला पत्र लिहिणे, एका गोष्टीस ‘नाही’ म्हणणे. चार पावले पुढे आणि दोन मागे, अशीच ही चाल असते; मागे आलेले पाऊल म्हणजे पराभव नव्हे.

आघातानंतर काही माणसांच्या ठायी नवी समज व नाती जपण्याची नवी ओढ येते, हे टेडेस्की आणि कॅल्हून या मानसशास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात दाखवून दिले. तथापि त्यांच्या मते ही वाढ त्या आघाताशी केलेल्या झुंजीतून होते. आघात स्वतः काही देत नसतो. यास्तव ‘या दुःखातून तुमचे भलेच झाले’ असे जो सांगेल, त्याच्यापासून दूर राहावे. अमुक दिवसांत बरे करण्याची हमी देणारा, डॉक्टरांची औषधे बंद करा म्हणणारा, किंवा जमावापुढे दुःख उघडे करावयास लावणारा, हेही त्याच माळेचे मणी.

येथे सावधगिरीची गरज आहे. आपल्या देशात कोच म्हणून पाटी लावण्यास कायद्याने परवाना लागत नाही. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञास मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत : आपले शिक्षण काय? आपल्या कामावर देखरेख कोणाची? आणि माझा प्रश्न आपल्या आवाक्याबाहेरचा निघाल्यास आपण मला कोणाकडे पाठवाल? तिसऱ्या प्रश्नाला ज्याच्याजवळ उत्तर नाही, त्याच्याकडे न जाणेच बरे.

जीव नकोसा वाटणे, तोच प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे घडत राहणे, आठवडेच्या आठवडे झोप नसणे, दारूचा आधार घ्यावा लागणे, ही लक्षणे असतील तर मार्गदर्शकाऐवजी आधी मनोविकारतज्ज्ञाकडेच जावे. घरात मारहाण अजून चालू असेल, तर सुरक्षित आसरा हीच पहिली गरज होय. गोव्यात बांबोळी, बेळगावकरांना धारवाड, त्याचप्रमाणे ग्वाल्हेर, वडोदरा व हैदराबाद येथे मानसोपचाराच्या शासकीय संस्था आहेत. ‘टेलि-मानस’ ही शासनाची दूरध्वनीसेवा ऑक्टोबर २०२२ पासून अहोरात्र, विनामूल्य चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६, आणि ती मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळते.

हा शेवटचा मुद्दा आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मंडळींना विशेष महत्त्वाचा. बाजारात आपण हिंदी, कानडी, गुजराती किंवा तेलुगू सहज बोलतो. परंतु दुःखाचे शब्द बहुधा आईच्या भाषेतच ओठांवर येतात. त्या भाषेत ऐकून घेणारे माणूस मागणे हा हट्ट नव्हे. आणि असे माणूस भेटेपर्यंत घरच्यांनी ‘विसरून जा’ म्हणण्याऐवजी ‘तुला हवे तेव्हा सांग, मी आहे’ एवढेच म्हटले, तरी पुष्कळ झाले.