तसबिरी कोणत्या थाटात ठेवाव्यात?

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर एखादी तरी पत्र्याची पेटी असतेच आणि तिच्यात तसबिरी असतात. अलीकडे या पेट्या खाली उतरू लागल्या आहेत. नातवंडे सुटीत येतात, स्कॅनर मांडून बसतात आणि दोन दिवसांत तीनशे छायाचित्रे संगणकात जातात. पेटी पुन्हा फळीवर जाते आणि संगणकात ‘स्कॅन १’ पासून ‘स्कॅन ३००’ पर्यंत नुसती रांग उभी राहते. पेटीतला गोंधळ जागा बदलून संगणकात गेला, एवढेच काय ते घडते.

माझे वडील संस्थानाच्या अगदी अखेरच्या वर्षांत, कोवळ्या वयात, दरबारच्या कलावंत कारखान्यात चाकरीस लागले होते. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि ती चाकरीही संपली. त्यामुळे आमच्या पेटीत लग्नमुंजींच्या जोडीला मैफली आहेत, राजवाड्यातले समारंभ आहेत आणि मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केलेल्या गायनशाळेतले काही समूहही आहेत. ही छायाचित्रे लावायची कशी, यावर घरात दोन पक्ष पडले. बहीण म्हणे, माणसांप्रमाणे लावू. भाचा म्हणे, सालाप्रमाणे. दोघांचेही बरोबर होते आणि अडचण नेमकी तीच होती. एका लग्नातल्या मैफलीच्या छायाचित्रात नवरदेवाचे काका आहेत, गवई आहेत, तबलजी आहेत, मागे वाडा आहे. ते ठेवायचे कुठे? प्रत्येक ठिकाणी एकेक प्रत ठेवली, तर एकाच तसबिरीच्या चार तसबिरी होतात आणि नाव कोणत्या प्रतीवर लिहिले ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

ज्या शहरात १९१६ साली भातखंड्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेथील वाचकांस थाट समजावून सांगायला नको. मियाँमल्हार काफी थाटातला. त्याची तिथली जागा एकच. पण पावसाळी रागांची यादी करा, त्यात तो येतो; मल्हाराचे प्रकार मोजा, त्यांत येतो; तानसेनाच्या नावाशी जोडलेले राग सांगा, तिथेही येतो. म्हणून कोणी चार मियाँमल्हार मानत नाही. ‘लाइटरूम क्लासिक’ या साधनात नेमकी हीच सोय आहे. छायाचित्र डिस्कवर एका फोल्डरमध्ये एकदाच राहते. तो त्याचा थाट. ‘कलेक्शन’ म्हणजे यादी. एकच छायाचित्र हव्या तितक्या याद्यांत घालावे, प्रत निघत नाही. यादीतून उतरवले तरी मूळ जागचे हलत नाही. मात्र फोल्डरमध्ये असताना पुसण्याची आज्ञा दिली, तर नुसते कॅटलॉगमधून काढू की डिस्कवरूनही, असा प्रश्न येतो. तो प्रश्न नीट वाचूनच उत्तर द्यावे. (‘डिजिकॅम’ हे फुकट मिळणारे साधनही चांगले, पण त्यातला अल्बम म्हणजे प्रत्यक्ष फोल्डरच, तेव्हा हे काम तिथे टॅगकडून करून घ्यावे लागते.)

स्मार्ट कलेक्शन नावाचा आणखी एक प्रकार आहे. त्यात हाताने काही घालायचे नसते, फक्त नियम सांगायचा. ‘सारंगी’ हा शब्द ज्या ज्या छायाचित्राला लावलेला आहे ते सगळे तिथे आपोआप जमते. मी हा नियम केला तो वर्गातल्या मुलांना जुनी वाद्ये दाखवता यावीत म्हणून. जमली सहा छायाचित्रे. एक लग्नातले, दोन गायनशाळेतली, बाकीची मैफलींची. सहाही वेळा कडेला तोच गृहस्थ, तीच गोल टोपी, तोच जाड काड्यांचा चष्मा. सुटी सुटी पाहताना तो आमच्यापैकी कोणाच्याही डोळ्यांत भरला नव्हता. आपल्याकडे मधल्या खुर्चीवरच्या माणसाचे नाव मागच्या बाजूला लिहिलेले असते, साथीदाराचे क्वचितच.

ती सहा छायाचित्रे मी दांडियाबाजारातल्या आमच्या आत्याबाईंना दाखवली. त्या म्हणाल्या, “अरे बाळ, यांना मी रोज पाहत असे. नाव होतं की त्यांना! पण सगळे नुसतं सारंगीवाले म्हणायचे.” आणि त्यांनी नाव सांगितले. ते मी तिथेच बसून सहाही छायाचित्रांना एकदम लावले. इथे छापत नाही, कारण त्यांच्या घरच्यांचा शोध चालू आहे. आधी त्यांना विचारले पाहिजे.

या कामात मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट आता सांगतो. कलेक्शन कॅटलॉगात राहते, छायाचित्राच्या फाइलीत नव्हे. कॅटलॉग बिघडला किंवा पुढे कोणी दुसरे साधन वापरू लागला, तर याद्या मागेच राहतात. म्हणून नाव, गाव, प्रसंग हे सारे मथळ्यात आणि कीवर्डांत लिहावे व मेटाडेटा फाइलीत जतन करण्याची आज्ञा द्यावी. मग ते नाव फाइलीबरोबर प्रवास करते. तारखेचेही तसेच. आज स्कॅन केलेली तसबीर संगणकाला आजचीच वाटते. ती तारीख दुरुस्त करता येते. पण नक्की साल ठाऊक नसताना खोटी अचूकता कशाला? ‘अंदाजे १९३८’ असे मथळ्यात लिहावे. पाठीमागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो, आणि आमच्याकडे अकरा तसबिरींच्या पाठीवर मोडीतला मजकूर निघाला.

आता मी ‘ओळख पटवा’ असे एक साधे कलेक्शन ठेवले आहे. आरंभी त्यात एक्केचाळीस छायाचित्रे होती, आता सव्वीस उरली आहेत. ती टॅबलेटवर घालून रविवारी एकेका वडीलधाऱ्यांकडे जातो. मोठ्या पडद्यावर चेहरा वाढवून दाखवता येतो, हा संगणकाचा त्यांच्यावर मोठाच उपकार. पुढच्या रविवारी रावपुऱ्यातल्या एका गृहस्थांकडे जायचे ठरले आहे. त्यांचे वडील दरबारी बँडमध्ये होते असे म्हणतात, आणि मोडीही त्यांना वाचता येते.